हिवाळ्यात हात लावायचा नाही

माळ्यावरची बॅग ओढताना त्याचं कोपर मागच्या फळीला लागलं, कुंडी कलंडली, आणि निवडुंगाचा गोळा तिच्यातून सुटून गॅलरीच्या फरशीवर घरंगळत गेला. कुंडी फळीवरच राहिली. माती कुंडीतच राहिली. खरं तर असं व्हायला नको होतं. इतक्या वर्षांचं झाड पडलं तर कुंडीसकट पडतं, फार तर कुंडी फुटते, मुळांनी घट्ट धरलेला मातीचा गड्डा झाडाबरोबर येतो आणि माणूस स्वतःवर चरफडत झाडू शोधायला लागतो. हे मात्र बाटलीचं बूच निघावं तसं अलगद निघालं. तो स्टुलावर उभा, दोन्ही हातांत धाकट्या भावाची बॅग, आणि खाली तो काटेरी चेंडू कपडे धुण्याच्या मशिनच्या पायाशी जाऊन थांबलेला. मागच्या खोलीतून बायकोने विचारलं, काय पडलं. काही नाही, असं त्याने सांगून टाकलं. ह्या घरात अलीकडे बहुतेक प्रश्नांना हे एकच उत्तर होतं, आणि ते दोघांनाही सोयीचं पडत होतं.

स्टुलावरून उतरून, बॅग भिंतीला टेकवून त्याने गोळा उचलला. काट्यांची भीती केव्हाच गेली होती. कसं धरायचं ते हाताला पाठ होतं. पण हात वजनाच्या तयारीने खाली गेला होता आणि वजन आलंच नाही. भरलेली समजून रिकामी बादली उचलावी, तसा त्याचा खांदा उगाच वर गेला. वरून झाड ठीक होतं. हिरवं, पांढऱ्या काट्यांची नक्षी जागच्या जागी, थोडं आकसलेलं, पण हिवाळ्यात सगळीच आकसतात. खाली जिथे मुळं असायला हवी होती तिथे मात्र तपकिरी, भुसभुशीत, बोट टेकवलं तर आत जाईल असं काहीतरी होतं. आणि त्याच्या कडेला तो जुना डाग. डाग दिसला तेव्हा त्याला कळलं की पडलंय ते कुठलं झाड. गॅलरीभर एवढ्या कुंड्या होत्या, त्यांतली कुठलीही पडली असती तर चाललं असतं. पडली ती नेमकी हीच.

हे झाड धाकट्याने आणलेलं. लग्नाच्या वाढदिवसाला लोक काहीतरी गोडधोड आणतात, एखादी साडी आणतात. ह्या पठ्ठ्याने निवडुंग आणला होता, आणि तोही डोक्यावर भडक गुलाबी फूल मिरवणारा. वहिनी, बघा कसं हसतंय, म्हणाला. आठवडा गेला, पंधरवडा गेला, फूल काही सुकेना. शेवटी संशय येऊन त्याने चिमटीत धरून बघितलं, तर ते वाळवून रंगवलेलं कुठलंतरी रानफूल निघालं, झाडाच्या माथ्यावर गरम डिंकाने चिकटवलेलं. दुकानदार असले उद्योग करतात हे त्याच्या गावीही नव्हतं. धाकटा पोट धरधरून हसला. तो औषधांच्या बाटल्यांना लागणारी झाकणं विकत शहरोशहरी फिरायचा. म्हणाला, दादा, माल खपवायचा तर फूल लागतंच, ते खरं असायची सक्ती नाही. त्याने मात्र ते मनाला लावून घेतलं. सुईने, कोमट पाण्याने, शेवटी दाढीच्या पात्याने तो डिंक कणाकणाने काढला. माथ्यावर एक भाजल्यासारखा डाग तेवढा राहिला. ही झाडं वाढतात ती मधूनच. नवे काटे माथ्याशी फुटतात आणि जुने हळूहळू बाजूला, खाली सरकत जातात. तसा तो डागही वर्षावर्षाला खाली उतरत गेला. पुढे कधीतरी खरी फुलं आली, बारीक, माथ्याभोवती गोल कडं धरल्यासारखी, तेव्हा त्याने फोन करून धाकट्याला ती बातमी दिली. धाकटा म्हणाला, नीट बघ, वहिनींनी चिकटवली असतील. आता तो डाग मातीच्या रेषेपाशी येऊन पोचला होता, आणि झाड तिथेच तुटलं होतं.

त्या एका झाडापायी त्याला नाद लागला. गॅलरीत फळ्या आल्या, फळ्यांवर कुंड्या आल्या, वाळू चाळायची चाळणी स्वयंपाकघरातून गेली ती परत आली नाही. बायको सुरुवातीला वैतागली, मग तिने हात टेकले, मग हळूच कळ्या मोजायला लागली. नोकरी त्याची लिफ्ट तपासायची. उंच इमारतींच्या गच्चीवर चढायचं, मशीनच्या खोलीत वंगणाच्या वासात उभं राहायचं, लोखंडी दोरावर कापडाची चिंधी धरून लिफ्ट संथ चालवायला सांगायची. दोरातली एखादी बारीक तार तुटली असेल तर चिंधीचा धागा तिच्यात अडकतो. नुसतं बघून ते कळत नाही. बघायला दोर ठणठणीत असतो. अहो, चालतेय ना लिफ्ट, मग बंद कशाला ठेवता, असं कुणी म्हणालं की तो त्याला चांगलं फैलावर घ्यायचा. चालतेय म्हणूनच तपासायची, बंद पडल्यावर तपासायला मी कशाला हवा. कचेरीत त्याला सगळे ‘डॉक्टर’ म्हणायचे. घरी आल्यावर मात्र ह्या डॉक्टरचा मंत्र बरोबर उलटा होता. निवडुंग मरतो तो दुर्लक्षाने नव्हे, लाडाने मरतो, असं त्याचं ठाम मत. थंडी पडली की पाणी बंद. कुंडी हलवायची नाही, माती उकरायची नाही, काळजी वाटली तर ती आपल्यापाशी ठेवायची. झाड निजलेलं असतं. रंग उतरतो, अंग आक्रसतं, मेलं की काय असं वाटतं; घाबरून पाणी घातलंत की सडलंच समजा. जो कळ काढतो त्याच्याच झाडाला उन्हं तापल्यावर फुलं येतात. रविवारी कुणी ना कुणी सल्ला विचारायला यायचं आणि तो बोट वर करून सांगायचा, हिवाळ्यात हात लावायचा नाही. बायको त्याची हुबेहूब नक्कल करायची. धाकटा मुक्कामाला असला आणि तिने ताटात आणखी वाढायला घेतलं की तो ताटावर हात धरून म्हणायचा, वहिनी, हिवाळ्यात हात लावायचा नाही. मग तिघंही हसायचे. 

त्याने कुंडी खिडकीपाशी नेली आणि वर्तमानपत्र पसरून त्यावर माती उपडी केली. कोरडी वाळू, खडे, आणि सगळ्यांत मिसळलेलं पिठासारखं पांढरं काही. कुंडीच्या आतल्या अंगालाही तेच, बोट फिरवलं तर चिकट लागणारं. पिठ्या ढेकूण. बाहेरून दिसतो तो नव्हे, मुळांवरचा. लोकांच्या कुंड्यांत तो बघून त्याने अनेकदा नाक मुरडलं होतं, भाषणंही दिली होती. ह्या किडीची खोड अशी की माती ओली होत राहिली तर ती फारशी माजत नाही. तिला कोरडी, न हलवलेली, कुणी डोकावत नाही अशी माती लागते. झाडाला विश्रांती दिली की मुळाशी तिची चंगळ. आणि वर गोळा आपला अंगातल्या साठवणीच्या पाण्यावर महिनोन्महिने हिरवाच्या हिरवा. गेल्या मोसमात तर ह्या झाडाला कधी नव्हे इतकी फुलं आली होती. त्याने फोटो काढून ओळखीपाळखीच्या सगळ्यांना पाठवले होते. जायला टेकलेलं झाड कधी कधी असं फुलतं, जाण्याआधी बी धरायची घाई करतं, हेसुद्धा त्याने वाचलं होतं. हे सगळं माहीत असलेला माणूस वर्तमानपत्रापुढे उकिडवा बसून राहिला. आपल्याला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय त्याला उरली नव्हती.

धाकटा आला तो गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी, हीच बॅग घेऊन. कंपनीने माणसं कमी केली, दुसरं काही बघेपर्यंत चार दिवस राहतो, म्हणाला. लग्न केलेलं नव्हतं. बायको शोधायची तर एका शहरात दोन रात्री राहायला हवं, म्हणायचा. बोलण्यावर पोट असलेला माणूस. पहिले काही दिवस बोलला, त्या झाकणवाल्या साहेबाच्या नकला केल्या. मग बोलणं कमी झालं. मग मागच्या खोलीचं दार लोटलेलं राहायला लागलं. जेवायला यायचा, ताटात बोटं फिरवायचा, छान झालंय म्हणून उठायचा. थोरला कामावरून परतला की मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहायचा, चौकटीला हात लावून. काय, बरं ना? आतून ‘बरं’ असं यायचं. पलंगावर पाय पोटाशी घेऊन, भिंतीकडे तोंड करून धाकटा पडलेला असायचा. तेवढ्यावर समाधान मानून तो कपडे बदलायला वळायचा. आत जावं, पलंगाच्या कडेला टेकावं, असं त्याच्या मनात येत नव्हतं असं नाही. पण नोकरी गेलेल्या माणसाला आपला मान सांभाळू द्यावा, उकरून विचारू नये, असं त्याला वाटायचं, आणि ते अगदी मायेपोटी वाटायचं. पुढे त्याने स्वतःवर हवे तेवढे आरोप केले, पण माया कमी पडली हा आरोप त्याला कधी करता आला नाही, आणि त्यानेच तो जास्त हैराण झाला. बायको म्हणाली होती, भाऊजींचं काहीतरी बिनसलंय. तो म्हणाला होता, राहू दे. निजलाय तो. उन्हं तापली की उठेल आपोआप. ती हसली नव्हती. ह्या वेळी नक्कलही केली नव्हती.

उन्हं तापली आणि एका सकाळी धाकटा न्हाणीघरात पडला. मग इस्पितळ, तपासण्या, लांबलचक बोळ, प्लास्टिकच्या खुर्च्या. पोटात सुरू झालेलं यकृतापर्यंत गेलं होतं. आता फारसं काही करता येणार नाही, डॉक्टरबाईंनी नरम आवाजात सांगितलं, आणि मग विचारलं, पुष्कळ महिने दुखत असणार ह्यांना, घरात कुणापाशी बोलले नाहीत का? नाही, तो म्हणाला. कुणाला काही बोलला नाही, तसा तो सोसणाराच आहे पहिल्यापासून. बायको शेजारी उभी होती. ती हातातल्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिली. त्याच दिवसांत तो डागवाला निवडुंग फुलांनी डवरला होता; मोबाइलवर फोटो घेऊन तो धाकट्याला दाखवायला गेला. धाकट्याने फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. खरी आहेत का रे, म्हणाला. मग डोळ्यांनीच कोपऱ्यातल्या नर्सकडे खूण करून बारीक आवाजात म्हणाला, “ह्या बाई दिवसातून तीनदा येऊन विचारतात, दुखतंय का, कुठे दुखतंय. इतकं बरं वाटतं ना दादा.” तो हसला होता. धाकटा नर्सची थट्टा करतोय असं समजून तो मोठ्याने हसला होता, आणि खाटेच्या पायथ्याशी उभं राहूनच त्याने विषय बदलला होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत सगळं संपलं.

आता पुन्हा हिवाळा होता. बायकोने कधीतरी आपली उशी मागच्या खोलीत नेली. झोप लागत नाही, तुमची झोपमोड होते, म्हणाली. तो म्हणाला, हरकत नाही. तिचं बोलणं कामापुरतं उरलं. गॅस लावलाय, दूध आलंय, फोन वाजतोय. कळ्या मोजायला ती गॅलरीत यायची थांबली, पण हिवाळ्यात कुठल्या आल्यात कळ्या. दिराच्या जाण्याने तिला बसलंय, त्याने मनाशी म्हटलं. हिने त्याला पोटच्या पोरासारखं केलं होतं. वेळ जाऊ द्यावा. मग काल ती म्हणाली, ताईकडे जाऊन येते. ताई म्हणजे तिची थोरली बहीण, दूरच्या शहरात राहणारी. जाऊन ये, बदल होईल, असं तो लगेच म्हणाला. किती दिवस, हे विचारणं त्याला बरं दिसलं नाही. आणि आज सकाळी तिने सांगितलं, बॅग काढून द्या माळ्यावरची. आपली नको, भाऊजींची. ती मोठी आहे. थोड्या दिवसांसाठी मोठी बॅग कशाला लागते, हा प्रश्न त्याच्या मनात आला होता. तो मनात ठेवूनच तो स्टुलावर चढला होता.

त्याने सुरी आणली, पुसली, आणि गोळा खालून कापायला सुरुवात केली. कुजलेलं झाड कधी कधी वाचवता येतं. खालून पातळ चकती काढायची, मांस स्वच्छ हिरवं लागेपर्यंत कापत जायचं, उरलेला माथा सावलीत सुकवून कोऱ्या वाळूवर ठेवायचा. मुळं फुटली तर फुटली. पहिली चकती सगळी तपकिरी. दुसरी तशीच. तिसरीला कडेने हिरवं लागलं आणि त्याला धीर आला, पण मधोमध एक तपकिरी ठिपका होता. तो ठिपका गेला पाहिजे, नाहीतर कापण्यात काही अर्थ नाही. डाग असलेली चकती बाजूला पडली. तो जपून, आणखी पातळ, आणखी पातळ कापत गेला. ठिपका लहान होत होता पण जात नव्हता. शेवटी चिमटीत बटणाएवढा माथा उरला, वर कोवळे पांढरे काटे, जिथून पुढच्या उन्हाळ्यात फुलं यायची ती जागा. त्याने तो उलटा करून उजेडात धरला. ठिपका तिथेही होता. त्याने सुरी खाली ठेवली. मग डोळे वर करून त्याने फळ्यांवरच्या बाकीच्या कुंड्यांकडे बघितलं. सगळ्या शांत, हिरव्या, आकसलेल्या. ह्यांतल्या कुणाच्या मुळाशी काय चाललंय ते त्याला बसल्या जागेवरून सांगता येत नव्हतं, आणि आजवर आपण ते बिनदिक्कत सांगत आलो, ह्याची त्याला भीती वाटली.

बॅग घेऊन तो मागच्या खोलीच्या दारात गेला आणि सवयीने तिथेच थांबला, चौकटीला हात लावून. पलंगावर कपड्यांच्या घड्या होत्या. घड्यांत गरम कपडे होते आणि सुतीही होते, म्हणजे थंडीचे आणि उन्हाळ्याचेही. बायकोने बॅग घेतली, पलंगावर आडवी टाकली, चेन उघडली आणि आत बघत नुसतीच उभी राहिली. आतल्या कप्प्यातून तिने गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या काढल्या, रबर लावून नीट जुडी केलेल्या. धाकटा मालाचे नमुने असेच रबर लावून ठेवायचा. ह्या कसल्या, त्याने विचारलं.

“पोटाच्या,” ती म्हणाली. “जळजळतं म्हणायचे. मीच आणून द्यायचे कोपऱ्यावरच्या दुकानातून.”

“कधी?”

“तेव्हाच. इथे होते तेव्हा.”

मला बोलली नाहीस, असं तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा आवाज खाली गेला. ती जुडी तिने पलंगावर ठेवली. ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर त्याला उत्तर सुचलं असतं.

“मी बोलले होते. जेवत नाहीत म्हणाले, रात्री उठून बसतात म्हणाले. एकदा तर मी चपला घातल्या होत्या. भाऊजींनाही उठवलं होतं, सदरा घालायला लावला होता, डॉक्टरकडे न्यायचं म्हणून. तुम्ही आलात तेवढ्यात. कुठे निघालात, म्हणालात. आणि मग म्हणालात, त्याच्या मागे लागू नकोस, हिवाळा जाऊ दे.”

त्याला आठवलं. इतकं स्पष्ट आठवलं की आजवर ते कुठे होतं हेच कळेना. धाकटा दाराशी भिंतीला टेकून उभा होता, सदऱ्याचं एक बटण चुकून वरच्या काजात लावलेलं. आपण त्यावरून त्याची थट्टा केली होती. तो थट्टेला हसला होता आणि दादा म्हणतोय तर राहू द्या वहिनी, म्हणून आत वळला होता. जाताना त्याने भिंतीचा आधार सोडला नव्हता. लिफ्टच्या दोरावर चिंधी धरून आयुष्य काढलेल्या माणसाला ते दिसलं नव्हतं.

“मी चपला काढल्या,” बायको म्हणाली. “तुमचं ऐकलं मी. डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात, मी तिथेही गप्प बसले. तेव्हापासून मला ह्या घरात श्वास घेता येत नाही.”

ती पुन्हा कपड्यांकडे वळली. एक घडी उचलून तिने बॅगेत ठेवली, हाताने दाबली. आता गप्प बसावं, तिला थोडं एकटं सोडावं, रडायचं तर रडू द्यावं, हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की त्याचे पाय आपोआप मागे वळायला लागले. राहू दे, हे शब्द जिभेवर येऊन थांबले. सुरीचा चिकटा अजून बोटांना होता. एखादं झाड कुंडीतून उपटून बघितलं तर जगतं की मरतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. ते त्याने कधी करूनच बघितलं नव्हतं.

“ताईकडून परत कधी येणार तू?” त्याने विचारलं.

“माहीत नाही,” ती म्हणाली.

“येणार आहेस का?”

तिने मान वर केली नाही. तेही माहीत नाही, म्हणाली. एरवी एवढ्यावर त्याचं बोलणं संपलं असतं. त्याने चौकटीवरचा हात काढला आणि तो उंबऱ्याच्या आत आला. खोलीत अजून पोटाच्या औषधाचा गोडसर वास होता, की त्यालाच तो आत्ता पहिल्यांदा येत होता.

“कुठे दुखतंय तुला?” तो म्हणाला.

हातातली घडी तशीच धरून बायको त्याच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा खूप उतरला होता. केव्हापासून उतरला होता कोण जाणे.

“पुष्कळ ठिकाणी,” ती म्हणाली. “उभ्या उभ्या ऐकण्यासारखं नाही ते.”

त्याने बॅग उचलून खाली ठेवली, कपडे बाजूला सारून जागा केली, आणि बसला. धाकटा हिवाळाभर ज्या पलंगावर पडून होता, त्यावर तो पहिल्यांदाच बसत होता.